कुंकवाची अर्धी रेघ

१

दामाजी भोईर टाकीत उतरून मेला तेव्हा टाकीतली वाफ ओढून घेणारा पंखा चालू होता, असं कागदाची पट्टी सांगत होती. पंखा बंद होता, असं एकटा दगडू फिटर सांगत होता. आणि पट्टी खरी आहे, अशी डॉ. हेमा कर्णिक यांची सही कंपनीला हवी होती.

१९९८ सालचा दसरा होऊन आठवडा उलटला होता. शुक्रवार, म्हणजे डोंबिवलीच्या एमआयडीसीची सुट्टी. रंगाच्या त्या कारखान्यात माणसं मोजकीच होती. वर्क्स मॅनेजर रेगे यांनी हेमाबाईंसमोर काजूकतलीची बशी सरकवली. चहावर तवंग होता. नाल्यातून येणारा गोडसर, सडक्या बदामासारखा वास खिडकी लावूनही आत येत होता आणि त्या वासात ती काजूकतली बघवत नव्हती.

"पत्र टाइप करून ठेवलंय," रेगे म्हणाले. "उद्या दुपारी कारखाना निरीक्षक येतील. डबीला सर्टिफिकेट तुमचं, उत्तम विद्यार्थी तुमचा. तुमच्या शब्दाला वजन आहे."

उत्तम सबनीस शेजारीच उभा होता. ठाण्याच्या कॉलेजात तो हेमाबाईंच्या हाताखाली शिकलेला. त्यानं केलेली डबी तळहातावर मावायची. आत करवतीच्या पात्याचा तुकडा, त्याच्या टोकाला लोहचुंबक, भोवती तारेचं वेटोळं. यंत्र थरथरलं की पातं थरथरायचं, वीज थेंबाथेंबानं साठायची, आणि साठा भरला की डबी एक बिनतारी ठोका पाठवून रिकामी व्हायची. तिला वायर नाही, सेल नाही. वर कंट्रोल रूममध्ये त्या ठोक्यासरशी सरकत्या कागदावर पेन एक रेघ मारायचं. पाच मिनिटांत ठोका आला नाही, तर टाकीच्या तोंडाशी असलेला हिरवा दिवा विझायचा आणि भोंगा वाजायचा.

थरथर नाही तर ठोका नाही. आठ महिन्यांपूर्वी हेमाबाईंनी प्रयोगशाळेत डबी तपासली, लाखेनं बंद केली आणि सर्टिफिकेटावर लिहिलं, 'ही डबी खोटं बोलू शकत नाही.' एवढं ठाम वाक्य त्यांनी आयुष्यात दुसरं लिहिलं नव्हतं.

त्यांनी पत्र वाचलं. मंगळवारी पंखा पूर्ण वेळ चालू होता. कामगार मद्यपान करून टाकीत उतरला असावा. तोल जाऊन गाळात पडला.

"दारूचं कुणी सांगितलं?"

"अहो, खाडीवरची माणसं. सांगायला कशाला हवं?" रेगे हसले. "सही करा म्हणजे विषय संपेल. टाकी अर्धीच साफ झालीय. उद्या सकाळी त्याचा भाऊ उतरतोय, मोरू."

"त्याच टाकीत?"

"त्याच. दिवा आहे की."

हेमाबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "आधी पट्टी दाखवा. मंगळवारची नको, सगळी."

२

पट्टीची भेंडोळी उलगडायला कंट्रोल रूमचं लांब टेबल लागलं. कागदाच्या कडेला यंत्र स्वतःच तासातासाची वेळ छापत होतं. मंगळवारी दामाजी दहा चाळीसला उतरला. अकरा दहाला दगडूनं त्याला पाहिलं. त्या सगळ्या वेळात मिनिटाला एक रेघ होती. शेवटची रेघ अकरा सव्वीसची. पुढे कोरा कागद, त्यावर नुसत्या वेळा: बारा, एक, दोन, तीन.

"अकरा सव्वीसला काय झालं?"

"मी मेन स्विच पाडला," रेगे म्हणाले. "इथूनच पाडता येतो. मेन पाडला की खात्यातलं सगळं बंद, ही ट्यूबलाइटसुद्धा. खालचा थंड पाण्याचा पंप तेवढा चालू राहतो, त्याची लाइन वेगळी. तो थांबवून चालत नाही."

"आणि तू कुठे होतास, उत्तम?"

"इथेच, मॅडम. साहेबांबरोबर. जागचा हललो नाही."

दगडू शेळके दारात उभा होता. साताऱ्याकडचा, पन्नाशीचा, हाताला पट्टी बांधलेला.

"पंखा बंदच हुता, बाई," तो म्हणाला. "स्टार्टर पडल्याला. म्या वाकून बघितलं तर पातं हलत न्हवतं. म्या त्याला वर वढलं, अकरा इसाला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्याचं डोस्कं माझ्या मांडीवर हुतं."

"दगडू, पंख्याची देखभाल तुझ्याकडे," रेगे मऊपणे म्हणाले. "बंद होता म्हणतोस तर तूच अडकशील. कळतंय ना?"

"कळतंय की. मग काय चालू हुता म्हनू?"

हेमाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. स्वतःच्या अंगावर येणारी गोष्ट या खोलीत एकटाच माणूस बोलत होता. खोटं बोलणारा सहसा असं करत नाही.

पण डबीला तरी खोटं कसं बोलता येईल?

हेमाबाई पट्टी मागे मागे उलगडत गेल्या. दसऱ्याचा आदला दिवस आला आणि त्यांचं बोट थांबलं.

"खंडेनवमीला पूजा किती वाजता केलीत?"

"नऊ ते एक सगळं खातं बंद हुतं," दगडू म्हणाला. "पंखा म्या सोता धुतला, हार घातला."

पट्टीवर नऊ ते एक, मिनिटाला एक रेघ होती.

पंखा हार घालून गप्प उभा होता आणि त्याची थरथर वर नोंदली जात होती.

३

हेमाबाईंना एकच उत्तर सुचलं. उत्तमनं आत सेल बसवला असणार.

सगळे खाली गेले. पंखा एका कोपऱ्यात होता, त्याच्यापासून दीडेक फुटावर थंड पाण्याचा पंप घरघरत होता. पंख्याच्या जाळीवर झेंडूचा वाळका हार लोंबत होता. फरशीवर निळसर, चिकट ओल होती; चप्पल उचलली की सुटल्याचा आवाज यायचा. टाकीच्या तोंडाशी दामाजीच्या चपला होत्या. चार दिवसांत त्या कुणी हलवल्या नव्हत्या, पण सिगारेटचं थोटूक मात्र एकीत कुणीतरी विझवलं होतं.

झाडूवाल्या रखमाबाई भिंतीशी बसल्या होत्या. हेमाबाईंनी ते थोटूक उचललेलं पाहून त्या उठल्या आणि त्यांच्या हातून घेऊन पदराआडच्या पिशवीत टाकलं.

डबी पंख्याच्या बेअरिंगवर बसवलेली होती. बुडाला लोहचुंबक, त्यामुळे स्क्रू काढायची गरज नव्हती. हातानं उचलली की सुटत होती. हेमाबाईंनी ती काढली, दगडूच्या हातात दिली.

"फोडा."

"मॅडम, तिच्यावर तुमचं सील आहे," उत्तम म्हणाला.

"म्हणूनच मी सांगतेय."

लाख फुटली. झाकणाच्या आत त्यांच्याच सहीचा कागद, जसाच्या तसा. आत पातं, चुंबक, वेटोळं. सेल नव्हता. सेल बसवायला जागासुद्धा नव्हती.

उत्तमनं हलकेच श्वास सोडला. "झालं समाधान, मॅडम?"

त्याच्या आवाजात दुखावल्याचा सूर नव्हता, सुटल्याचा होता. निरपराध माणूस या क्षणी रागावला असता. हेमाबाईंनी झाकण परत बसवलं आणि डबी होती तिथे ठेवली.

"नाही," त्या म्हणाल्या. "दगडू, पंखा चालू करा. बाकीचे वर चला. पेन बघू."

वर भोंग्याचं बटण बंद होतं, ते हेमाबाईंनी चालू केलं. पेन कागदावर स्वस्थ होतं. एक मिनिट झालं. दोन झाली. रेगे खिशातल्या किल्ल्या वाजवत होते. चार. पाचव्या मिनिटाला भोंगा असा कोकलला की रेग्यांचा चहा टेबलावर सांडला. पहिली रेघ सातव्या मिनिटाला उमटली.

हेमाबाईंनी जिन्यावरून खाली हाक मारली. "दगडू, पंखा खरंच चालू आहे?"

"हाय की, बाई. असा चालतोय का त्याच्यावर रुपाया उभा राहील. गणपती झाल्यावर म्या त्याचा तोल काढला, अक्षी दोन दिस खपून. निस्ता गप पळतो."

प्रयोगशाळेत हेमाबाईंनी डबी कॉलेजच्या खिळखिळ्या पंपावर तपासली होती. चांगल्या, न थरथरणाऱ्या यंत्रावर ती उपाशी मरेल, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. दगडूनं काम उत्तम केलं आणि डबीचं अन्न तुटलं.

म्हणजे मिनिटाला एक ठोका देणारं यंत्र हा पंखा नव्हताच. मग गणपतीनंतर इतके दिवस ही डबी बसली होती कुठे?

४

"रखमाबाई," हेमाबाई खाली त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "खंडेनवमीला कुंकू कुणी लावलं?"

"मीच की ओ. दरसाल मीच लावते. हळद खाली, वर कुंकवाची तीन बोटं वढायची. लहान-मोठं मशीन म्हणायचं न्हाई, सगळ्यांना."

"डबीला?"

"तिला येगळी न्हाई लावली. मशीनलाच वढली, जरा तिच्यावर गेली आसंल."

पंखा बंद करायला सांगून हेमाबाई फरशीवर गुडघे टेकून वाकल्या. साडीला काय लागतंय ते त्यांनी पाहिलं नाही. डबीच्या एका कडेला कुंकवाच्या तीन रेघा होत्या, तेलात बसलेल्या, कडेशी एकदम तुटलेल्या. तुटलेल्या रेघा पुढे बेअरिंगवर जायला हव्या होत्या. गेल्या नव्हत्या. त्यांनी डबी उचलली. पंख्याच्या स्वतःच्या तीन रेघा आख्ख्या, सलग, डबीच्या खालून गेलेल्या होत्या.

"पूजेच्या दिवशी डबी इथे नव्हती," त्या म्हणाल्या. "नाहीतर तिच्याखाली कुंकू कसं?"

मग त्या डबी घेऊन दीड फूट सरकल्या. घरघरणाऱ्या पंपाच्या ओतीव पायावर हळदीचा डाग होता आणि त्यात डबीच्या मापाचा स्वच्छ चौकोन. चौकोनाच्या कडेला कुंकवाच्या तीन अर्ध्या रेघा. त्यांनी डबी चौकोनावर टेकवली. चुंबक टक् करून चिकटला. रेघेला रेघ जुळली.

मिनिटभरानं वर परत सुरू झालेला भोंगा थांबला. टाकीच्या तोंडाशी हिरवा दिवा लागला. पंखा मात्र बंदच होता.

दगडूनं त्या दिव्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"डबी खोटं बोलली नाही," हेमाबाई म्हणाल्या. "ती पंपाचं खरं सांगत होती. पंप कधीच थांबत नाही, म्हणून दिवा कधीच विझत नव्हता. मंगळवारी पंख्याचा स्टार्टर पडला, तरी दामाजीला हिरवा दिवा दिसला. आता मला डबी परत पंख्यावर नेणारा हात हवाय."

"कुणीही नेली असेल," रेगे जिन्यात उभं राहून म्हणाले. "चुंबक आहे. दगडूनंच नेली असेल."

"अकरा सव्वीसला ठोके थांबले. दगडू अकरा वीसला गाडीत होता, दवाखान्याच्या वहीत त्याची वेळ असेल."

"ठोके मी मेन पाडला म्हणून थांबले. सांगितलं ना तुम्हाला."

"मेन पाडला की सगळं बंद, ट्यूबलाइटसुद्धा, असंही सांगितलंत. मग कागद कसा सरकत राहिला? बारा, एक, दोन, तीन, सगळ्या वेळा छापल्यात त्यानं. मेन पडलाच नाही, रेगेसाहेब. वीज होती, पंप चालू होता, फक्त डबी पंपावरून उचलली गेली आणि बंद पंख्यावर ठेवली गेली. पाच मिनिटांनी वर भोंगा वाजला असणार. तो बंद करायला वर एक माणूस लागतो. डबी हलवायला खाली एक. तुम्ही दोघे वरच होतात म्हणता."

बोलल्या रखमाबाई.

"सबनीससायेब खाली आल्ते की. दामाजीला न्हेला आन् मी फरशी धुवाया घेतली, तवा आले. डबी हितनं उचलली, तिथं ठिवली. मला वाटलं पुसाया घेतली."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी इचारलंच न्हाई." त्यांनी टाकीच्या तोंडाकडे बोट केलं. "त्या चपलांवरनं पाय टाकून गेले. म्हनून ध्यानात राह्यलं."

५

उत्तमनं चष्मा काढून पुसला. रडला वगैरे नाही.

"मॅडम, पंखा फार छान बॅलन्स झाला होता," तो म्हणाला. "दोन दिवस भोंगा थांबेना. दसऱ्यानंतर पुण्याहून पाहुणे येणार होते, चाळीस डब्या घेणार होते. भोंगा वाजत असताना काय दाखवणार? पात्याची नवी रचना मी करतच होतो. तोपर्यंत म्हणून दीड फूट सरकवली. साहेबांना सांगूनच."

"मला तांत्रिक काही कळत नाही," रेगे म्हणाले.

"दामाजीला सांगितलंस?"

"तो दिवा बघून उतरायचा, मॅडम. त्याला सांगून काय... गोंधळ झाला असता."

हेमाबाईंनी या मुलाला कंपमापनाचा पहिला धडा दिला होता. प्रयोगवहीत नको असलेलं वाचन खोडायचं नाही, शेजारी कारण लिहायचं, हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं. त्याची वही वर्गात सर्वांत स्वच्छ असायची. ती इतकी स्वच्छ कशी, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. त्यांना त्याच्या पुसलेल्या चष्म्याची, त्या नीट कापलेल्या नखांची शिसारी आली, आणि तितकीच सर्टिफिकेटावरच्या स्वतःच्या वळणदार सहीची.

"दिवा नव्हता तेव्हा तो काय बघून उतरायचा?" त्यांनी विचारलं.

उत्तर दगडूनं दिलं. "चिंधी. पंख्याच्या जाळीला चिंधी बांधायचा. होडीवर वारा बघाया बांधत्यात तशी. चिंधी ताठ झाली तरच आत पाय. दिवा लावला तवा सायबांनी काढाया लावली. पाहुण्यांम्होरं घाण दिसती म्हनले."

हेमाबाईंनी रेग्यांचं पत्र उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर उभ्यानंच लिहिलं. डबी पंपावर होती; पंखा बंद होता; माझं आठ महिन्यांपूर्वीचं सर्टिफिकेट अपुऱ्या तपासणीवर दिलेलं असून ते मी मागे घेत आहे. मृताच्या वर्तनाबद्दल या नोंदीतून काहीही सिद्ध होत नाही. खाली सही केली. दगडूनं सही केली, रखमाबाईंनी शाईचा अंगठा उठवला. पट्टीची भेंडोळी आणि डबी हेमाबाईंनी पर्समध्ये घातली. पंपाच्या पायावरच्या चौकोनाकडे बोट दाखवून रखमाबाईंना सांगितलं, "निरीक्षक येईपर्यंत याला फडकं लावू नका. कुणी लावायला लागलं तर ओरडा."

"बाई, हे सगळं कंपनीच्या मालकीचं आहे," रेगे म्हणाले.

"हो. मी काय काय नेतेय त्याची पावती देऊ?"

रेगे बाजूला झाले आणि उत्तमला घेऊन वर गेले.

फाटकाशी नळ होता. हेमाबाईंच्या बोटांना तेल आणि कुंकू लागलं होतं. घासूनही ते निघेना, नुसतं पसरलं. बाजूला एक बाई आणि एक तरुण उभे होते. दामाजीची बायको मंजुळा आणि भाऊ मोरू, कोपर गावाहून चालत आलेले. मोरूला उद्याच्या कामाचं सांगायला बोलावलं होतं. मंजुळानं काही न विचारता नळाजवळचा डबा उचलला आणि हेमाबाईंच्या हातावर पाणी घातलं.

"काय लिवलाव, बाय?" तिनं विचारलं. "प्यायलेला म्हून लिवलाव?"

"नाही. पंखा बंद होता म्हणून लिहिलंय. दिवा खोटा लागत होता. त्याची चूक नव्हती."

मंजुळानं डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "तो पियाचा. खोटा कशाला बोलू? पन टाकीचे दिवशी नाय. आदले रातीपासून नाय. त्याला म्हायती होता आत काय हाय ता."

"मोरू," हेमाबाई म्हणाल्या, "उद्या तुम्ही त्या दिव्याच्या भरवशावर उतरायचं नाही."

"मना कामाव ठेवतील का मग?"

"ते मला सांगता येत नाही. दिव्याचं मला सांगता येतं."

मंजुळानं कमरेची पिशवी सोडली. आत लाल लुगड्याची, वीतभर लांब, रंगानं काळवंडलेली चिंधी होती. "ही त्याची. काढाया लावलीनी तवा घरा आनलीन. कपाटान ठेवलीन. मी म्हन्ला ही घान कशाला ठेवतंस? त्यानी म्हन्लान, आसूं दे, लागंल."

मोरूनं चिंधी तिच्या हातून घेतली आणि फाटकातून सरळ आत गेला. हेमाबाई त्याच्या मागे गेल्या, मंजुळाही. टाकीच्या तोंडाशी दामाजीच्या चपला होत्या. मोरूनं त्या उचलून वहिनीच्या हातात दिल्या. मग वाळका हार ओरबाडून काढला आणि जाळीला चिंधी बांधली, दोन गाठी मारून. दगडूनं बटण दाबलं.

पंखा इतका गप्प फिरला की आवाजावरून कळलंच नसतं. चिंधी मात्र उठली, आत ओढली गेली आणि ताठ झाली.

"कुणी बांधलं ते?" वरच्या खिडकीतून रेगे म्हणाले. "काढा आधी. उद्या निरीक्षक येतायत, बरं दिसत नाही."

खाली पाच माणसं चिंधीकडे बघत होती. वर कुणी पाहिलं नाही.